मोह्स शस्त्रक्रियेत एकाला एक फेरी आणि दुसऱ्याला तीन का लागतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या ७२ वर्षांच्या वडिलांच्या नाकपुडीवर बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा सर्वांत नेहमी आढळणारा कॅन्सर, निघाला आणि न्यू जर्सीतल्या डॉक्टरांनी त्यावर मोह्स शस्त्रक्रिया केली, म्हणजे गाठ थराथराने काढत प्रत्येक थर तिथल्या तिथे मायक्रोस्कोपखाली तपासला. सकाळी आठला गेलेले वडील तीन फेऱ्या होऊन, गालाकडची त्वचा सरकवून टाके घातल्यावर संध्याकाळी घरी आले. शेजारच्या अमेरिकन गृहस्थांचा डागही नाकावर आणि जवळपास तेवढाच होता, पण त्यांच्या डॉक्टरांनी एका फेरीत काम संपवले. पुण्यातल्या काकांचा गालावरचा डाग तर प्लॅस्टिक सर्जनने एकदाच कापला, आठवड्याने रिपोर्ट आला आणि विषय मिटला. मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, कागदावर प्रत्येक जादा फेरीचे पैसे वेगळे लावलेले दिसल्यावर डॉक्टरांनी काम मुद्दाम लांबवले की काय, अशी शंका तुमच्या मनात आली. आता वडिलांच्या कानशिलावर दुसरा डाग निघाला आहे, तेव्हा याच डॉक्टरांकडे जावे की दुसरीकडे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी अमेरिकेत हीच शस्त्रक्रिया करते, आणि ती करण्याच्या पद्धतीत डॉक्टराडॉक्टरांत बराच फरक असतो हे आमच्या व्यवसायात कोणीही नाकारणार नाही. त्यातला काही फरक रास्त आहे, काही सवयीचा आहे आणि थोडा, मान्य करायला हवे, पैशाचा आहे. मात्र यातला कोणता फरक तुमच्या वडिलांच्या वाट्याला आला हे फेऱ्यांच्या आकड्यावरून कळत नाही. एका रुग्णाला तीन फेऱ्या लागल्या यावरून डॉक्टरांविषयी काहीही सिद्ध होत नाही. त्याच डॉक्टरांच्या शेकडो रुग्णांची सरासरी मात्र पुष्कळ काही सांगते.

आधी फेरी म्हणजे काय ते पाहू. बिलावर तिला ‘स्टेज’ म्हटलेले असते. तिचा कॅन्सरच्या स्टेजशी काहीही संबंध नाही, तेव्हा ‘तीन स्टेज’ वाचून घाबरून जाऊ नका. भूल देऊन दिसणारी गाठ खरवडून काढली की तिच्याभोवतीचा आणि तळाचा बशीच्या आकाराचा पातळ थर आम्ही काढतो. त्याच्या कडेला छोट्या खुणा करून वेगवेगळ्या रंगांची शाई लावतो आणि कागदावर नकाशा काढतो. टेक्निशियन तो थर असा सपाट करून गोठवतो की वरची कड आणि खालचा तळ एकाच पातळीत येतात, आणि क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या तुकड्याचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, त्याचे काप काढून स्लाइड बनवतो. त्या स्लाइड डॉक्टर स्वतः मायक्रोस्कोपखाली वाचतात. कुठे गाठीचे पुंजके दिसले तर नकाशावर ती जागा लाल करायची आणि फक्त तेवढ्याच जागी पुढचा थर काढायचा, ही दुसरी फेरी. प्रत्येक फेरीला तासभर, कधी त्याहून जास्त वेळ जातो, आणि तो बहुतेक प्रयोगशाळेत जातो. तुमच्या वडिलांचा दिवस गेला तो असा, बाहेरच्या खुर्चीवर पट्टी लावून बसण्यात.

काकांच्या बाबतीत वेगळी पद्धत वापरली गेली, म्हणून ती तुलना बाजूला ठेवायला हवी. नेहमीच्या शस्त्रक्रियेत गाठ भोवतालच्या काही मिलिमीटर निरोगी त्वचेसह काढतात, आणि प्रयोगशाळेत त्या तुकड्याचे स्लाइस ब्रेडसारखे उभे काप करून त्यातले मोजके तपासतात. दोन कापांच्या मध्ये काय आहे ते कोणी पाहत नाही. या पद्धतीत एकूण कडेचा एक टक्क्याहून कमी भाग प्रत्यक्ष पाहिला जातो. तरीही ती पद्धत टाकाऊ नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान, कडा स्पष्ट असलेल्या बेसल सेल कार्सिनोमाभोवती चार मिलिमीटर त्वचा काढली तर ९५ टक्क्यांहून अधिक गाठी पूर्ण निघतात, असे १९८७ साली दाखवले गेले आहे. पाठीवर किंवा गालावर चार मिलिमीटर देणे सोपे असते. नाकपुडीवर ते दिले तर कडेचा आकारच बिघडतो, म्हणून तिथे मोह्सचा आग्रह धरला जातो. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या जोखमीच्या गाठींवर या दोन पद्धतींची तुलना करून दहा वर्षे पाठपुरावा केला गेला. पहिल्यांदाच उद्भवलेल्या गाठींत मोह्सनंतर ४.४ टक्के आणि नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के गाठी परत आल्या, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. एकदा परत आलेल्या गाठींत मात्र ३.९ विरुद्ध १३.५ टक्के हा फरक निर्णायक होता. भारतात मोह्सची सोय मोजक्याच ठिकाणी आहे, त्यामुळे काकांवर जे झाले ते तिथल्या परिस्थितीत योग्यच होते.

आता शेजाऱ्यांशी तुलना. दोघांची पद्धत एकच, जागा एकच, मग फरक कशाचा? पहिले कारण गाठीचा उपप्रकार. गोळा होऊन वाढणारी नोड्युलर गाठ बहुधा दिसते तेवढीच असते. इन्फिल्ट्रेटिव्ह किंवा मॉर्फियाफॉर्म प्रकारात पेशींच्या बारीक दोऱ्या त्वचेखाली पसरत जातात आणि वरून काहीच कळत नाही. शिवाय आपल्या वर्णाच्या त्वचेत या गाठी बऱ्याचदा काळपट असतात, आणि काळा रंग जिथे संपतो तिथेच गाठ संपते असे नाही. गोऱ्या त्वचेवर कडेचा जो गुलाबी पट्टा आम्हाला सावध करतो तो आपल्या त्वचेवर नीट दिसतही नाही. त्यामुळे ‘तेवढाच डाग’ असे तुम्ही म्हणता तेव्हा फक्त पृष्ठभागावरचे माप जुळलेले असते.

दुसरे कारण डॉक्टरांच्या हातातले आहे, आणि त्याविषयी रुग्णांना कोणी फारसे सांगत नाही. पहिला थर किती रुंद काढायचा याचे ठरलेले माप नाही. काही डॉक्टर गाठीभोवती एक मिलिमीटर ठेवतात, काही तीन. सहा मिलिमीटर व्यासाची गाठ धरा. एक मिलिमीटर ठेवला तर जखम आठ मिलिमीटरची होते, तीन ठेवले तर बाराची. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिलिमीटरवरून ११३ वर, म्हणजे दुपटीच्याही पुढे जाते. रुंद थर काढणाऱ्या डॉक्टरांचे काम साहजिकच अधिक वेळा एका फेरीत संपते. अरुंद थर काढणाऱ्यांना दुसरी, तिसरी फेरी लागते, पण शेवटची जखम लहान राहण्याची शक्यता वाढते. मी स्वतः नाकावर, पापणीवर आणि ओठावर अरुंद थराने सुरुवात करते आणि गालावर किंवा कपाळावर थोडा रुंद घेते, कारण तिथे दोन मिलिमीटर त्वचा वाचवून रुग्णाचा तासभर घालवण्यात मला अर्थ दिसत नाही. माझे काही सहकारी याच्या उलट युक्तिवाद करतात. ८५ वर्षांच्या, खुर्चीत बसणेही कठीण जाणाऱ्या माणसाला चार फेऱ्यांत अडकवण्यापेक्षा थोडी मोठी जखम परवडली असे ते म्हणतात, आणि त्यांचेही खोटे नाही.

तिसरा फरक मायक्रोस्कोपवर पडतो, आणि मला विचाराल तर सर्वांत महत्त्वाचा तोच. नाकावरची त्वचा केसांच्या मुळांनी आणि तैलग्रंथींनी गच्च भरलेली असते. केसाच्या मुळाचा काप तिरका गेला की स्लाइडवर निळ्या दिसणाऱ्या त्या पेशींचा पुंजका लहानशा बेसल सेल कार्सिनोमासारखा दिसू शकतो. अनुभवी डोळा पुढच्या कापात त्याचा मागोवा घेतो आणि तो केसाच्या नळीत मिसळताना पाहून सोडून देतो. साशंक डोळा आणखी एक थर काढतो. कधी गाठ दिसत नाही, पण तिच्याभोवती नेहमी आढळणारी दाहक पेशींची दाटी दिसते. पलीकडे गाठ असेल असे समजून पुढे जायचे की थांबायचे, यावर दोन चांगल्या डॉक्टरांचे मत वेगळे पडू शकते. स्क्वेमस सेल कार्सिनोमात, म्हणजे त्वचेच्या दुसऱ्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये, तर कडेला उन्हाने बिघडलेल्या पेशींचा पट्टा बहुधा असतोच. तो काढत बसायचा की मलम लावून हाताळायचा, यावर आमच्यात कायमचे मतभेद आहेत.

स्लाइडच्या गुणवत्तेची एक गोष्ट इथे सांगायला हवी. मोह्समध्ये काप खऱ्या कडेपासून सुरू होऊन आत, म्हणजे गाठीच्या दिशेने जातात. टेक्निशियनचा पहिला काप अर्धवट आला आणि त्यात त्वचेची कड सुटली, तर कड दिसेपर्यंत तो ठोकळ्यात आणखी आत कापत जातो. आता त्या आतल्या कापात गाठ दिसली तर ती खऱ्या कडेवर होती की आपणच कापत कापत तिच्यापर्यंत पोहोचलो, हे सांगता येत नाही. अशा वेळी सावधपणे पुढचा थर काढणे चूक नाही. पण एखाद्या ठिकाणी हे रोजच घडत असेल, तर तिथल्या रुग्णांच्या फेऱ्या गाठीमुळे नव्हे, क्रायोस्टॅटपाशी वाढत असतात. म्हणूनच कोणत्याही मोह्स युनिटची पहिली चौकशी मी टेक्निशियनविषयी करते.

आता पैशाविषयी. डोके, मान, हातांचे पंजे आणि पावले या भागांतल्या मोह्ससाठी मेडिकेअर पहिल्या फेरीचा एक दर देते आणि पुढच्या प्रत्येक फेरीचा वेगळा, पहिल्यापेक्षा कमी, पण दर देतेच. कापणारा आणि स्लाइड वाचणारा डॉक्टर एकच असला पाहिजे अशी या बिलाची अटच आहे. स्लाइड दुसऱ्याने वाचून त्याचे वेगळे बिल लावले तर मोह्सचा कोड लावता येत नाही. विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोह्स यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत काढली तेव्हापासून तिचे बळ यातच आहे, कारण कापणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला एकमेकांची चिठ्ठी वाचावी लागत नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की आणखी एक फेरी करावी असे ठरवणारा, ती करणारा आणि तिचे पैसे घेणारा माणूस एकच असतो आणि त्या खोलीत त्याला प्रश्न विचारणारे कोणी नसते.

याचा हिशेब कोणी मांडला आहे का? मांडला आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१२ ते २०१४ या काळातली मेडिकेअरची माहिती तपासली गेली आणि २०१७ साली ‘जामा डर्मटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले गेले. २,३०५ डॉक्टरांची सरासरी एका रुग्णामागे १.७४ फेऱ्या अशी निघाली. सर्वांत कमी सरासरी १.०९ होती आणि सर्वांत जास्त ४.११. तिन्ही वर्षांपैकी एखाद्या वर्षी तरी सरासरीच्या फार वर गेलेले १३७ डॉक्टर होते आणि सलग तिन्ही वर्षे वर राहिलेले ४९. या ४९ मध्ये असण्याची शक्यता एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांच्या बाबतीत २.३५ पट आढळली. यावरून एकटा डॉक्टर लबाड असतो असे कोणी समजू नये. शेजारच्या खोलीत ‘ही स्लाइड बघ रे जरा’ म्हणायला माणूस नसला की शंकेचा निकाल पुढच्या थरातच लागतो, असा माझा अंदाज आहे.

पुढे जे झाले ते अधिक बोलके आहे. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ मोह्स सर्जरीच्या सदस्यांना स्वतःची सरासरी इतरांच्या तुलनेत कुठे बसते हे दाखवणारा अहवाल खासगीत पाठवला गेला. दंड नाही, नोटीस नाही, नुसता आलेख. फार वर असलेल्या ५३ सदस्यांपैकी ४४ जणांची, म्हणजे ८३ टक्क्यांची सरासरी खाली आली. असा अहवाल न मिळालेल्या, संस्थेबाहेरच्या ८७ डॉक्टरांपैकीही ६० जणांची, म्हणजे ६९ टक्क्यांची खाली आली, हे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टोकाचे आकडे पुढच्या वर्षी आपसूकही थोडे मागे येतात. तरीही दोन गटांत फरक उरला आणि नुसता आरसा दाखवल्याने सवय बदलते हे दिसले. गाठी तर त्या वर्षी काही सौम्य झाल्या नव्हत्या.

या आकड्यांची मर्यादाही लक्षात घ्या. मेडिकेअरच्या बिलांतून गाठ केवढी होती, कोणत्या उपप्रकाराची होती, आधी कोणी अर्धवट काढली होती का, यातले काही कळत नाही. मोठ्या रुग्णालयात बाहेरून बिघडलेले रुग्ण येतात, तिथल्या डॉक्टरांची सरासरी वर जाणारच. आणि मला १.०९ हा आकडाही ४.११ इतकाच खटकतो. जवळपास प्रत्येक रुग्ण पहिल्याच फेरीत मोकळा होत असेल, तर ते डॉक्टर एकतर थर फार रुंद काढत असावेत किंवा ज्यांना साधी शस्त्रक्रिया पुरली असती अशांवर मोह्स करत असावेत. कोणावर मोह्स करावी यासाठी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या चार व्यावसायिक संघटनांनी मिळून २७० परिस्थितींचे निकष ठरवले, त्यांतल्या २०० परिस्थितींत ती योग्य मानली. निकष इतके सढळ असल्यावर निवडीतही फरक राहणारच. पैशाचे गणितही एकाच दिशेचे नाही, कारण रुंद कापणाऱ्याच्या फेऱ्या कमी होतात, पण मोठी जखम बुजवायला फ्लॅप (शेजारची त्वचा सरकवणे) किंवा ग्राफ्ट (दुसरीकडची त्वचा आणून लावणे) लागतो आणि त्याचे बिल वेगळे असते. कमी फेऱ्या म्हणजे स्वस्त आणि चांगले काम, हे समीकरण म्हणूनच टिकत नाही.

तर तुम्ही काय करावे? सर्वप्रथम वडिलांची शस्त्रक्रियेची नोंद आणि मोह्स नकाशा मागून घ्या. तो त्यांच्या वैद्यकीय दस्तऐवजाचा भाग आहे आणि मिळणे त्यांचा हक्क आहे. नकाशावर पाहा की दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत फक्त खूण केलेल्या जागीच थर काढला का. पहिल्या फेरीत एका बाजूला लाल, दुसरीत त्याच बाजूला थोडे पुढे लाल आणि तिसरीत मोकळे, असे चित्र असेल तर गाठ एका दिशेने पसरली होती आणि डॉक्टर तिच्या मागे गेले, हे सरळ दिसते. नोंदीत पहिल्या थराचे माप, प्रत्येक फेरीनंतरची जखम आणि स्लाइडवर काय दिसले याचा एखाद्या ओळीचा तरी उल्लेख असतो. तो नसेल, आणि प्रत्येक फेरीपुढे छापील सारखेच वाक्य असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

याहून पुढे जायचे असेल तर स्लाइड आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय प्रयोगशाळा नियमांनुसार अशा स्लाइड किमान दहा वर्षे जपाव्या लागतात. दुसऱ्या मोह्स सर्जनकडून किंवा त्वचेच्या पॅथॉलॉजिस्टकडून त्या पुन्हा वाचून घेता येतात. तुमच्या शंकेचे नेमके उत्तर मिळेल असा हा एकच मार्ग आहे. बिलाकडे कितीही वेळ पाहिले तरी ते तिथे सापडणार नाही. अर्थात वडिलांची जखम नीट भरत असेल तर मी स्वतः नकाशावर थांबले असते.

कानशिलावरचा डाग बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमाच ठरला तर तो भागही जोखमीच्या पट्ट्यात मोडतो, त्यामुळे मोह्सचा सल्ला मिळाला तर त्यात वावगे काही नाही. तिथे चेहऱ्याच्या मज्जातंतूची भुवई उचलणारी फांदी त्वचेखाली फारशी खोल नसते, म्हणून थराची खोली रुंदीइतकीच महत्त्वाची ठरते. डॉक्टर तेच ठेवा किंवा बदला, पण आधी त्यांना तीन गोष्टी सरळ विचारा: तुमची एका रुग्णामागची सरासरी किती फेऱ्यांची आहे, पहिला थर तुम्ही या जागी किती मिलिमीटरचा काढाल आणि का, आणि स्लाइडविषयी शंका आली तर तुम्ही कोणाला दाखवता. मोह्सची फेलोशिप, म्हणजे या शस्त्रक्रियेचे वेगळे प्रशिक्षण, केली आहे का हेही विचारा. अमेरिकन बोर्ड ऑफ डर्मटॉलॉजीने या उपशाखेची परीक्षा २०२१ पासून सुरू केली आहे, पण ती न देताही डॉक्टर कायद्याने ही शस्त्रक्रिया करू शकतात. सरासरी दीड-दोनच्या आसपास असली, किंवा ती वर असूनही कारण पटण्यासारखे सांगता आले, तरी मला चालेल. सरासरी ठाऊकच नाही असे उत्तर आले तर मात्र मी दुसरे नाव शोधेन, कारण तो आकडा काढायला आमच्याच बिलांच्या नोंदी पुरतात.

जाताना वडिलांच्या आधीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट सोबत ठेवा, त्यांची रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा.